ओपन स्पेसची भिंत : वारली आणि मोर सोडून अमळनेरचं काय रंगवता येईल?

बोरीकाठ, अमळनेर

नमस्कार मंडळी. एका भिंतीबद्दल सल्ला हवा आहे.

आमची कॉलनी गावाच्या कडेला, शेतं एन.ए. होऊन प्लॉट पडले त्यातली. मधोमध ओपन स्पेस आहे, तिला मागच्या वर्षी कंपाउंड झालं. रस्त्याकडची बाजू ९० फूट लांब, ७ फूट उंच. आता ती रंगवायची आहे आणि रंगाचा, मजुरीचा खर्च पालिकेच्या कामात बसतोय. ठेकेदारानं मोबाइलवर नमुने दाखवले. वारलीचा गोल नाच, दोन मोर, 'झाडे लावा', पृथ्वी धरलेले दोन तळवे आणि टोकाला सेल्फी पॉइंट : इंग्रजीत गावाचं नाव, मध्ये लाल बदाम. हाच संच आजूबाजूच्या गावांत पाहिलाय, फक्त नाव बदलतं.

वारलीबद्दल माझ्या मनात काही वाकडं नाही. पण ती डहाणू, जव्हार, तलासरीकडच्या लोकांची. तिकडे लग्नात सुवासिनी तांदळाच्या पिठानं चौक लिहितात, त्यात पालघाट देवी असते. तो देवीचा चौक आहे, आणि आमच्याकडे तो ट्रान्सफॉर्मरशेजारी कुणालाही न विचारता येणार.

कॉलनीची मीटिंग घेतली. साने गुरुजींचं मोठं चित्र काढा, असं काही जण म्हणाले. काही म्हणाले, सखाराम महाराजांचा रथ काढा, वैशाखात बोरीच्या पात्रात केवढी यात्रा भरते! एकाला विप्रो हवी होती, १९४५ साली तेलाच्या कारखान्यानं इथेच सुरुवात झाली म्हणून. मग एका काकांनी विचारलं, "पण आपण इथले आहोत तरी किती जण?" ते मला लागलं. निम्मी घरं बाहेरची. कोणी शिरपूर तालुक्यातून मुलांच्या शाळेसाठी आलं, कोणी सुरतेला लूमवर आयुष्य काढून परतलं, काही बँकेतले, काही शिक्षक. ज्यांची मूळ जमीन होती त्यांची दोनच घरं इथे राहिली.

मी औषधाच्या दुकानात काम करते, चित्रकलेतलं मला कळत नाही. पण या भिंतीसमोरून रोज जाणार आहे मी, आणि माझी मुलगीही. कॉलनीच नवी असेल तर तिचं म्हणून काय असतं? सुरुवात कुठून करायची? आणि हे सगळं ठेकेदाराच्या कामात बसवता येतं का? कुणी केलं असेल तर जरूर सांगा.

गेरू-काजळ, धुळे

ताई, चांगला प्रश्न विचारलात. मी निवृत्त चित्रकला शिक्षक. तुमची पोस्ट दोनदा वाचली आणि रात्रीच लिहायला बसलो.

काय रंगवायचं ते बाजूला ठेवा. आधी भूमी अभिलेखकडून तुमच्या कॉलनीचा जुना गट नकाशा मिळवा. मग ती दोन मूळ घरं आहेत ना, त्यांच्या ओट्यावर जाऊन बसा. सातबाऱ्यावर गट नंबर असतो, पण घरात कुणी वावराला नंबरानं हाक मारत नाही. आंब्याचं, खारवट, नाल्याकडचं, अशी नावं असतात. विहीर कुठे होती, कोणत्या बांधावर निंब होता, गाडवाट कुठून जायची, कपाशी कुठे आणि भुईमूग कुठे, हे सगळं त्या म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात आहे. तुमच्या प्लॉटखाली कुणाचं तरी पन्नास वर्षांचं कष्टाचं वावर आहे. कॉलनी नवी असेल, जमीन नवी नाही.

हे मी करून पाहिलंय. पांझरेकाठचं एक गाव, आता शहराला पुरतं चिकटलेलं. तिथल्या शाळेची भिंत रंगवायची होती आणि मुलांनी पहिल्या दिवशी मला काय काढून दाखवलं? डोंगर, दोन डोंगरांमधून सूर्य, नारळाचं झाड. धुळे जिल्ह्यात नारळ! मी ते कागद परत दिले नाहीत, जपून ठेवले, पण मुलांना घरी पाठवलं : आजोबांना विचारा, इथे आधी काय होतं. दुसऱ्या आठवड्यात वर्गात फड आला.

इतर जिल्ह्यांतल्या वाचकांसाठी थोडं सांगतो, कारण खानदेशाला अभिमान वाटावा असं हे काम आहे. पांझरेवर जुने दगडी बंधारे आहेत, त्यांच्यातून पाट निघतात. पाटाखालची जमीन फडांत वाटलेली. एका फडात अनेकांची शेतं, पण पीक सगळ्यांनी मिळून ठरवलेलं एकच, म्हणजे पाणी देणं सोपं जातं. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि पाटातला गाळ काढायला सगळी गावकी. शतकानुशतकं हे लोकांनी स्वतः चालवलं. आमच्या मुलांना यातला एक शब्दही ठाऊक नव्हता, त्यांच्या आजोबांना सगळं पाठ होतं.

मग भिंतीवर फड उतरला. पाट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत निळा सलग, वर फडांचे चौकोन, प्रत्येक चौकोनात एकच पीक. दिसायला अगदी साधं. पण एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले, भिंतीसमोर उभे राहिले आणि पाटकऱ्याच्या हातातली फावडी चुकीची काढली म्हणून मुलांना रागावले. कशी धरतात ते करून दाखवलं. मुलांनी तो भाग पुसून पुन्हा काढला. भिंत त्या दिवसापासून गावाची झाली असं मी मानतो. त्यांना रागवायचा हक्क वाटला ना! ठेकेदाराच्या मोरावर कोण रागावतं? त्याची मान वाकडी आहे की सरळ, कुणाला काय त्याचं.

आता निम्मी घरं बाहेरची, त्याबद्दल. साने गुरुजींचं नाव निघालं ते बरं झालं. गुरुजी अमळनेरचे नव्हते, कोकणातल्या पालगडचे. १९२४ मध्ये प्रताप हायस्कुलात शिक्षक म्हणून आले, वसतिगृहातली मुलं सांभाळली, १९३० मध्ये नोकरी सोडून स्वातंत्र्याच्या लढ्यात उतरले. सहा वर्षांची नोकरी, आणि आज अमळनेर म्हटलं की पहिलं नाव त्यांचं. आमच्या धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे बाहेरून येऊन राहिले, त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ गावाचं भूषण झालं. प्रताप मिलमध्ये तरी सगळे कामगार अमळनेरचेच होते का? बाहेरून येऊन इथला होणं ही तुमच्या गावाची जुनी रीत आहे. ती सुरतेची, शिरपूरची घरं भिंतीवर आलीच पाहिजेत.

पण गुरुजींचा चेहरा उघड्या भिंतीवर काढू नका, ही हात जोडून विनंती. दोन पावसाळ्यांत चेहऱ्याचे पोपडे निघतात, वर क्लासेसची पत्रकं चिकटतात. बघवत नाही.

तुमच्या कंपाउंडला दर दहा फुटांवर कॉलम असेल. म्हणजे नऊ भाग. आपली जुनी धाब्याची घरं आपण खणांत मोजायचो, पाच खणांचं, सात खणांचं. तुमच्याकडे नऊ खणांची भिंत आहे. एकेक खण एकेका गल्लीला द्या. जमिनीचा नकाशा, नावं, विहिरी, झाडं सलग पार्श्वभूमीला राहू द्या, आणि खणात त्या गल्लीतली घरं आपलं काय आणतात ते येऊ द्या. सुरतेहून आलेल्यांना लूम काढू द्या. कुणाची आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, गौराई आणि झोका येईल, कुणाची गुलाबाई, कुणाची श्रावणातली कानबाई देवी. चित्रांवर मतदान मात्र घेऊ नका. मतदानात जिंकणारे आणि हरणारे तयार होतात आणि हरलेले भिंतीकडे पाठ फिरवतात.

नऊ खण नऊ तऱ्हेचे झाले तर भिंत विस्कटेल. त्यासाठी रंग ठरवून घ्या आणि मग कुणी कितीही आग्रह केला तरी वाढवू नका. गेरूचा तांबडा, पिवडीचा पिवळा, निळीचा निळा, काजळाचा काळा, चुन्याचा पांढरा. हे पाच रंग आपल्या आज्या-पणज्यांच्या घरात होते, दाराच्या चौकटीला, ओट्याला, देवळीला. रेघेची जाडीही सगळीकडे एक ठेवा. एवढं पाळलं की वेगवेगळे हात एकत्र नांदतात.

फैजपूरचं इथे सांगायलाच हवं. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन आपल्या फैजपूरला झालं, डिसेंबर १९३६ मध्ये, अध्यक्ष पंडित नेहरू. गांधीजींनी सजावटीसाठी शांतिनिकेतनहून नंदलाल बोसांना बोलावलं आणि अट घातली की खेड्यात मिळेल त्याच सामानातून उभं करायचं. बांबू, गवत, चटया. त्यातून टिळकनगर उभं राहिलं. दीड वर्षाच्या आत हरिपुऱ्याच्या अधिवेशनासाठी त्याच नंदलालांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चारशेच्या आसपास चित्रफलक केले : शिंपी, सुतार, ढोलकी वाजवणारा, दळणारी बाई. ते आज देशाचा ठेवा आहेत. कलेच्या पुस्तकांत हरिपुरा असतं, फैजपूर एका ओळीत संपतं, याचं मला कायम वाईट वाटत आलंय. सुरुवात आपल्या मातीत झाली होती.

मदतीला हात हवे असतील तर रावेर तालुक्यात खिरोद्याला ललित कला भवन आहे, तिथे विचारा. तिथली पोरं खेड्यातली आहेत, त्यांना कानबाई समजावून सांगावी लागत नाही.

डबाब्रश, चोपडा

राम राम भो. सर बोलले ते एकदम बरोबर. मी रंगकामाचा धंदा करतो, वीस वर्षं झाली असतील. दोन गोष्टी कामाच्या सांगतो.

वारली सगळीकडे का असते? काम चौरस फुटाच्या दरानं निघतं. खाली एक हात गेरू रंग मारला की वर पांढऱ्यानं त्रिकोण, गोल, काड्या. एक पोरगा दिवसभरात केवढी तरी भिंत मारून देतो, शेड नाही, चेहरा नाही. ठेकेदाराला तेच परवडतं. म्हणून त्याच्याशी भांडू नका. त्याला सांगा, तू भिंत घासून प्रायमर आणि बेस कोट मारून दे, माप तुझं पूर्ण धर, वरचं चित्र आम्ही करू. त्याचं नुकसान नाही, तो लगेच तयार होईल. पालिकेत एक साधा अर्ज द्या आणि पोच घ्या.

दुसरी गोष्ट लोण्याची, म्हणजे भिंतीला फुटणाऱ्या खाराची. कंपाउंड नवं आहे, बोअरच्या खाऱ्या पाण्यानं तराई झाली असेल तर खालून पांढरा खार फुटणारच. त्यावर कितीही भारी रंग मारा, पापुद्रे निघतील. खालची दीड फूट पट्टी रंगवूच नका. तिथे टाइल्सचे फुटके तुकडे सिमेंटमध्ये बसवा. कोणत्याही टाइल्सच्या दुकानामागे तुकड्यांचा ढीग पडलेला असतो, फुकट देतात. गाडीचा चिखल उडाला तरी पाणी मारलं की साफ. सरांचा तो निळा पाट आहे ना, तोच खालच्या पट्टीत तुकड्यांचा करा, जन्मभर जाणार नाही.

गेरू-चुना दिसायला छान, पण बाहेरच्या भिंतीवर दर वर्षी हात मारावा लागतो आणि आपल्या उन्हात चुना ओला राहत नाही, मग हाताला लागतो. तुमची तयारी नसेल तर बाहेरचं इमल्शन घ्या आणि त्यात हेच पाच रंग बनवून घ्या. तांबडा, पिवळा ऑक्साइडचा घ्या, उन्हाला टिकतो. भडक गुलाबी, भडक केशरी पश्चिमेच्या भिंतीवर दोन उन्हाळ्यांत उडतो. ऑइल पेंट अजिबात नको.

आणि आखाजीला काम काढू नका, बाया माहेरी आलेल्या असतात हे खरं, पण ४४ डिग्रीत रंग ब्रशवरच सुकतो. कानबाईच्या आधी घरोघर रंगकाम असतं, पण तो श्रावण, बाहेरची भिंत ओली. दिवाळी झाली की करा. भिंत सुकलेली असते, ऊन कोवळं, आणि सुरत-पुण्याचे लोक गावात असतात.

सातपुडा पायथा, नंदुरबार

ताई, एक विनंती माझ्याकडूनही. खानदेशची ओळख म्हटलं की कुणीतरी होळीचे बावा-बुध्या सुचवणारच. मोरपिसांचा टोप, कमरेला सुकलेले भोपळे, अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी, चित्राला फार उठून दिसतात. धडगाव, अक्कलकुव्याकडे, काठी गावच्या होळीला मी लहानपणापासून जातो. ते लोक व्रतात असतात. त्या दिवसांत जमिनीवर झोपतात, पायात चप्पल घालत नाहीत, खाण्याचे नियम असतात. तो नाच त्या व्रताचा भाग आहे. तुमच्या कॉलनीत पावरा किंवा भिल्ल घर असेल आणि त्यांना आपल्या खणात ते आणायचं असेल तर जरूर आणा, त्यांच्या हातानं. नसेल तर सोडून द्या. वारलीबद्दल तुम्ही जे म्हणालात तेच आमच्याबद्दलही लागू आहे.

आणि बाहेरच्या आदिवासी चित्रकाराला बोलावलंत तर त्याला त्याचं मानधन द्या, चहा-फराळावर भागवू नका. भुरीबाई झाबुआ भागातल्या भिल्ल, भोपाळच्या भारत भवनात बांधकामावर मजुरी करताना चित्रकार म्हणून पुढे आल्या, २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. या कलेची किंमत असते.

मेहरूणकर, जळगाव

थोडंच लिहितो. चित्राइतकीच अक्षरंही असू द्या. आमच्याकडे काव्यरत्नावली चौक आहे. नारायण नरसिंह फडणीसांनी १८८७ पासून जळगावातून नुसत्या कवितांसाठी मासिक चालवलं, त्याचं नाव चौकाला. आता रिक्षावाल्यापासून भाजीवाल्यापर्यंत सगळे दिवसातून दहादा ते नाव घेतात. नाव वापरात आलं की टिकतं. तुमच्या वावरांची नावं सापडली तर भिंतीवर लिहाच, पण गल्ल्यांनाही तीच द्या. धुळ्याच्या सरांनी त्यांच्या गल्ली नंबरांबद्दल काही लिहिलं नाही याचं आश्चर्य वाटलं!

गेरू-काजळ, धुळे

मेहरूणकर, तुम्ही आठवण काढलीत तर लिहितो. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला, कॅप्टन ब्रिग्जनं धुळ्यात सरळ रस्त्यांची नवी पेठ आखली. आमच्या गल्ल्या आजही नंबरानं ओळखल्या जातात. परक्याला ते रुक्ष वाटेल, पण आमच्याकडे गल्ली नंबर सांगितला की माणसाचा स्वभावसुद्धा अंदाजानं सांगतात. त्या नंबरांच्या पाट्या मात्र फ्लेक्सच्या झाल्यात, दर निवडणुकीला बदलणाऱ्या. प्रत्येक गल्लीनं आपला आकडा भाजलेल्या मातीत किंवा फरशीच्या तुकड्यांत स्वतः घडवावा, हे माझ्या मनात फार दिवसांपासून आहे. ताईंची भिंत झाली की मी आमच्या गल्लीपासून सुरुवात करणार.

बोरीकाठ, अमळनेर

सर, दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. कळवायला आठवडा लागला, कारण तेवढ्यात बरंच घडलं.

मूळ घरातल्या आजींकडे गेले. त्यांना विचारलं तर आधी म्हणाल्या, त्यात काय सांगायचं, वावर ते वावर. मग नकाशा समोर ठेवला आणि त्यांच्या नातवानं रस्ते दाखवले, तशा त्या बोट ठेवून सांगत गेल्या. आमची गल्ली म्हणजे 'निंबनं वावर'. ओपन स्पेसच्या कोपऱ्यात विहीर होती, ती बुजवली, त्यावर आता पाण्याची टाकी आहे. मिलचा भोंगा वाजला की निंदणाऱ्या बाया जेवायला भाकरी सोडायच्या. शाळेतली सहा-सात पोरं वहीत लिहून घेत होती. सुरतेहून आलेल्या काकांनी लूमचं चित्र स्वतःच काढून दिलं, धाग्यांसकट, आणि त्यांच्या शेजारच्या ताईंनी वहीच्या मागच्या पानावर नारळाला डोळे-नाक काढून कानबाई रेखाटली. आजी लगेच म्हणाल्या, "हाई ते आमनी कानबाई शे, पन नथ कथी गई?" आता नथीसकट काढायची ठरलंय.

ठेकेदार बेस कोटपुरतं काम करायला तयार आहे. अर्ज दिला, पोच घेतली. काम दिवाळीनंतर.

अडचण एकच. एका गटाला गुरुजी हवेच आहेत, आणि त्यांचं मन दुखवावंसं वाटत नाही.

गेरू-काजळ, धुळे

ताई, नथीवरून आजी बोलल्या, मला फार आनंद झाला.

गुरुजींसाठी एक खण वसतिगृहाचा ठेवा. कंदील, पुस्तकांची चळत, अंथरुणांच्या वळकट्या आणि भोवती दाटीवाटीनं बसलेली पोरं. कोण बसलंय हे अमळनेरमध्ये कुणाला सांगावं लागणार नाही. हे चित्र त्या गटातल्याच माणसांकडून काढून घ्या, दुसऱ्या कुणाकडे देऊ नका. आणि गुरुजींचा फोटो हवाच असेल तर ओपन स्पेसमध्ये जी शेड होईल तिच्या आत, काचेखाली लावा.

विहिरीची जागा टाकीखाली गेली आहे ना, मग टाकीच्या बुडालाही विहिरीचा काठ फुटक्या टाइल्सनी बांधून घ्या. चोपड्याचे दादा सांगतील किती सिमेंट लागेल ते.

आता कॉलम ते कॉलम अंतर फूट-इंचांत मोजून मला पाठवा, सगळे खण सारखे नसतात, एखादा हमखास आठ फुटांचा निघतो. मी दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळच्या एसटीनं येतो, धुळ्याहून फार लांब नाही. पोरांना भिंतीवर चौकडी आखून लहान चित्र मोठं कसं करायचं ते शिकवतो. दोरी, खडू आणि ओळंबा मी आणतो, तुम्ही उभं राहायला दोन लाकडी घोडे आणि त्यांवर टाकायला एक लांब फळी तेवढी बघून ठेवा.